बॅकअप चौदा तासात, पण एकट्या ईआरपीचा रिस्टोअर साडेबारा तास

प्रकरण २०१९ च्या सप्टेंबरमधलं आहे. डाय आणि प्रेस टूल बनवणारी कंपनी, नाव लिहीत नाही, एक युनिट भोसरी एमआयडीसीत आणि दुसरं चाकणला, सर्व्हर रूम भोसरीत. सिस्टिम आणि बॅकअप माझ्याकडे. एवढ्यासाठी सविस्तर लिहितोय की टेपवर बॅकअप घेणाऱ्या बऱ्याच ठिकाणी आजही अगदी हेच सेटिंग चालू असतं, रिपोर्ट रोज हिरवा येतो आणि आपलं सगळं नीट चाललंय असं वाटत राहतं.

आधी सामान काय होतं ते सांगतो. २४ स्लॉटची टेप लायब्ररी (टेप आपोआप काढून-लावणारी पेटी), त्यात दोन एलटीओ-६ ड्राइव्ह. एलटीओ-६ म्हणजे एलटीओ प्रकारच्या टेपची सहावी पिढी, एका टेपवर २.५ टीबी आणि सेकंदाला १६० एमबी, दोन्ही आकडे कॉम्प्रेशन न धरता. खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं ते कॉम्प्रेशन धरून असतं, आमच्या कॅड फाइल्स फारशा दबत नाहीत म्हणून मी तो आकडा कधी हिशोबात घेतलाच नाही. डेटा एकूण १६ टीबीच्या आसपास : फाइल सर्व्हर ८ टीबी (ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, मशीनचे प्रोग्राम, लाखोंनी छोट्या फाइल्स), ईआरपीचा (स्टॉक, बिलं, डिस्पॅच सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस ९०० जीबी, आणि बाकी मेल आणि व्हर्च्युअल मशीन मिळून सात. बॅकअप सर्व्हरला १० गिगाबिटची लाइन, ईआरपीसकट बहुतेक सर्व्हरना १ गिगाबिट. शनिवारी रात्री ९ ला फुल, म्हणजे सगळ्या डेटाचा, बॅकअप सुरू करायचा आणि सोमवारी सकाळी ७ ला फर्स्ट शिफ्ट यायच्या आत संपवायचा, म्हणजे ३४ तास. रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेला डेटा.

सुरुवातीला प्रत्येक सर्व्हरचा एकच स्ट्रीम (डेटाचा प्रवाह) होता आणि तो सरळ टेपवर जायचा. इथे फाइल सर्व्हरने घात केला. छोट्या फाइल्स एकेक उघडून वाचायच्या म्हटल्यावर सेकंदाला ४० एमबीच्या वर काही निघत नव्हतं, ८ टीबीला ५५ तास, म्हणजे शनिवारी रात्री सुरू झालेला फुल मंगळवारी पहाटे साडेचारला संपायचा आणि सोमवारभर डिझाइनवाल्यांचे फोन, की फाइल उघडत नाही, फाइल सेव्ह होत नाही.

वेळ जातो ते एक, पण ४० एमबीने टेप ड्राइव्हचे हाल होतात. ड्राइव्ह डेटाप्रमाणे स्वतःचा वेग कमी करतो, पण त्याला खालची मर्यादा असते, तिच्या खाली डेटा आला की त्याचा बफर रिकामा होतो, टेप थांबते, थोडी मागे जाते, परत वेग पकडते, चार ब्लॉक लिहिते, परत थांबते. याला शू-शाइनिंग म्हणतात, बुटाला पॉलिश मारताना ब्रश कसा पुढे-मागे फिरतो तसं. सर्व्हर रूममध्ये एसीच्या आवाजातही ते कळायचं, सलग घरघर ऐकू यायच्या ऐवजी घर्र, मग टक्, मग उलटी घर्र, रात्रभर. टेपही झिजते आणि हेडही झिजतो. आमचा एक ड्राइव्ह सारखी क्लीनिंग टेप मागायला लागला होता.

मग सपोर्टचा इंजिनिअर आला आणि त्याने मल्टिप्लेक्सिंग ८ वर नेलं. म्हणजे एका ड्राइव्हवर एकाच वेळी आठ स्ट्रीम, याचे थोडे ब्लॉक, त्याचे थोडे ब्लॉक, असं गुंफत टेपवर लिहायचं. फाइल सर्व्हरचे फोल्डरप्रमाणे बारा तुकडे केले. त्याच शनिवारी दोन्ही ड्राइव्ह पूर्ण १६० ने पळाले, १६ टीबी चौदा तासात, रविवारी दुपारी बाराच्या आत सगळं संपलेलं. आवाजही सलग. होकार माझाच होता आणि मला मनापासून आनंद झाला होता, कारण वर्षभराची कटकट एका सेटिंगने गेली होती. ते सेटिंग सगळ्या सर्व्हरना सरसकट लागलंय, ईआरपीलासुद्धा, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो याचा विचार मी केला नव्हता.

रविवारच्या रिपोर्टमध्ये एक ओळ दर आठवड्याला यायची. ईआरपी, सुरू रात्री ९:०४, संपलं सकाळी ९:३५, ९०० जीबी, सरासरी सेकंदाला २० एमबी, स्टेटस सक्सेस. पाच-सहा महिने ती ओळ माझ्या डोळ्यासमोरून गेली. १६० भागिले ८ बरोबर २०, गणित सरळ आहे. पण त्या ओळीत आमचा रिस्टोअर टाइम, म्हणजे टेपवरून डेटा परत उतरवायला लागणारा वेळ, लिहिलेला होता, एखादा सर्व्हर पडायच्या कितीतरी आधी, ते वाचलं कुणीच नाही.

विसर्जनानंतरच्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी ९:४० ला स्टोअरमधून फोन, ईआरपी लटकलंय. जाऊन बघितलं तर सर्व्हरचा रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड) गेलेला, आणि नुसता गेला नव्हता, जाताना व्हॉल्यूमची वाट लावून गेला होता. टेस्ट सर्व्हरचा कंट्रोलर काढून लावला, डिस्क सगळ्या दिसल्या, डेटाबेसचं व्हॉल्यूम मात्र वाचता येईना. नशिबाने डेटाबेसचे लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) वेगळ्या डिस्कवर होते, ते शाबूत. म्हणजे शनिवारचा फुल, सोमवार रात्रीचा इन्क्रिमेंटल आणि वरून मंगळवार सकाळपर्यंतचे लॉग, एवढं केलं की एकही एन्ट्री जाणार नव्हती.

प्लांट हेड साहेब स्वतः सर्व्हर रूममध्ये आले. "किती वाजता चालू होईल तेवढं सांग, गेटवर गाड्या उभ्या आहेत." मी मनात हिशोब केला, ९०० जीबी, १६० चा ड्राइव्ह, दीड-पावणेदोन तास, वर थोडं धरून सांगितलं, टेप हातात आली की अडीच तास. साहेबांनी कस्टमरला संध्याकाळी पाचची डिस्पॅच कळवली, माझ्या शब्दावर.

टेप हातात नव्हत्या. फुलचा सेट सोमवारी चाकणला जायचा, आग-पाणी काही झालं तरी एक प्रत लांब असावी म्हणून, आणि नियम बरोबरच होता. गाडी पाठवली, मोशीपासून पुढे जॅम, तिकडे कपाटाची किल्ली स्टोअरच्या काकांकडे आणि काका जेवायला, टेप लायब्ररीत पडल्या तेव्हा दुपारचे १:४० झाले होते.

रिस्टोअर सुरू झाला. ड्राइव्ह छान सलग घरघरत होता. स्क्रीनवर वेग सेकंदाला २० एमबी. मला वाटलं सुरुवात आहे, वाढेल. दहा मिनिटं झाली, वीसच. नेटवर्क बघितलं, नवीन रेड बघितली, डिस्क सुस्त नाहीये ना बघितलं, सगळं मोकळं. मग ड्राइव्हची आकडेवारी उघडली तर ड्राइव्ह टेपवरून पूर्ण १६० ने वाचतोय आणि त्यातले १४० सॉफ्टवेअर टाकून देतंय, कारण ते ब्लॉक ईआरपीचे नाहीतच, ते मेलचे आहेत, फाइल सर्व्हरचे आहेत, बाकी सात स्ट्रीमचे आहेत.

पत्त्यांचा कॅट पिसून ठेवला आणि नंतर म्हटलं की मला फक्त बदाम काढून दे, तर अख्खा कॅट उलटावाच लागतो. तसंच. ९०० जीबीसाठी ७.२ टीबी टेप वाचायची, जवळजवळ तीन टेप पूर्ण. मधले ब्लॉक गाळून पुढे उडी मारता येत नाही, ते इतके बारीक गुंफलेले असतात की टेप थांबवून पुढे नेण्यापेक्षा वाचत गेलेलंच बरं पडतं. एलटीओ-६ ची टेप ८४६ मीटर लांब असते आणि ती पूर्ण भरताना ड्राइव्ह १३६ वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, गुणाकार केला तर एका टेपला शंभराच्या वर किलोमीटर भरतात. आमच्या ईआरपीसाठी त्या दिवशी टेप मोटामोटी पुणे ते बेळगाव एवढी पळाली.

दुसरा ड्राइव्ह रिकामा होता. साहेबांनी विचारलं, दोन्ही लावले तर अर्ध्या वेळात नाही का होणार? प्रश्न रास्त होता, पण नाही होत. एका स्ट्रीमचा डेटा टेपांवर ओळीने पुढे पुढे लिहिलेला असतो आणि रिस्टोअर त्याच ओळीने तो मागतो, दुसरा ड्राइव्ह फार तर पुढची टेप लावून तयार ठेवेल. शिवाय रात्री १० ला रोजचा इन्क्रिमेंटल उभा राहिला, आता एकच ड्राइव्ह मोकळा, मग फाइल सर्व्हरचा इन्क्रिमेंटल त्या रात्री सोडायचा असं आम्ही ठरवलं. फाइल सर्व्हर जर त्याच रात्री पडला असता तर डिझाइनवाल्यांचं अख्ख्या दिवसाचं काम गेलं असतं, तो निर्णय घेताना माझे हात थरथरत होते.

तोपर्यंत अकाउंटवाल्यांनी पोर्टलवर बसून एकेक ई-वे बिल हाताने केलं, चलन हाताने लिहिली, निम्म्या गाड्या काढल्या, निम्म्या रात्रभर गेटवर राहिल्या, ड्रायव्हर लोकांना कँटीनमधून जेवण दिलं. फुल रात्री अडीचला उतरला. सोमवारचा इन्क्रिमेंटल फक्त ६० जीबी, पण तोही गुंफलेला, त्याला पाऊण-एक तास. मग लॉग लावणं, तपासणी, पाच पन्नास. साडेसहाला ईआरपी उघडलं. एकवीस तास. डेटा शंभर टक्के परत आला, एक एन्ट्री गेली नाही, आणि तरी त्या दिवशी बॅकअप चांगला होता असं मला म्हणवेना.

गुरुवारी मीटिंग. पहिली सूचना आली की नवीन वेगवान ड्राइव्ह घ्या, एलटीओ-८, सेकंदाला ३६० एमबी, १२ टीबीची टेप. मी कडाडून विरोध केला आणि तीन कारणं दिली. वेगवान ड्राइव्हची खालची मर्यादाही वर जाते, फाइल सर्व्हर ४० च देणार असेल तर नवा ड्राइव्ह जास्तच शू-शाइन करणार, मग त्याला पोसायला मल्टिप्लेक्सिंग आठवरून सोळावर न्यावं लागणार, आणि रिस्टोअर तिथेच राहणार. दुसरं, एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-६ ची टेप वाचतच नाही, त्याच्या आधीचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे, हा फक्त सातपर्यंत, म्हणजे जुन्या टेपसाठी जुना ड्राइव्ह सांभाळायचाच. तिसरं, त्या वर्षी फुजीफिल्म आणि सोनीच्या पेटंटच्या भांडणापायी एलटीओ-८ च्या टेपांची टंचाई झालेली होती.

दुसरी सूचना, टेप बंदच करा, सगळं डिस्कवर. यालाही मी नाही म्हटलं. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलमध्ये सॉफ्टवेअरच्या एका बगमुळे ०.०२ टक्के लोकांचे मेल दिसेनासे झाले होते, डेटाच्या अनेक ऑनलाइन प्रती असूनही, आणि शेवटी ते टेपवरून परत आणले, कारण टेप ऑफलाइन होत्या म्हणून बग तिथे पोचला नव्हता. गुगलने तेव्हा सांगितलंही की टेपवरून आणायचं म्हणून तास लागतायत. आणि आमच्या मीटिंगमधल्या लोकांना २०१७ चा जून आठवत होता, नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीच्या सिस्टिम पाडल्या आणि न्हावाशेव्याच्या टर्मिनलवर काम अडकलं. जोडलेली प्रत्येक डिस्क अशा वेळी धोक्यात असते. कपाटातल्या टेपला व्हायरस हात लावू शकत नाही.

मग मी एक कागद फिरवला. प्रत्येक डिपार्टमेंटने फक्त एक आकडा लिहायचा, तुमची सिस्टिम किती वेळ बंद राहिली तर चालेल. ईआरपी ४ तास. चालू प्रोजेक्टची ड्रॉइंग एक दिवस. मेल अर्धा दिवस. जुने प्रोजेक्ट, डिझाइन मॅडमनी लिहिलं, एक आठवडासुद्धा चालेल. हा कागद आम्ही तोपर्यंत कधी केलाच नव्हता, आमचा सगळा हिशोब बॅकअप किती तासात संपतो याचा होता, आणि खरं तर सगळी मांडणी या कागदावरूनच निघाली.

ईआरपीचं उत्तर तर लाज वाटावी इतकं सोपं होतं. डेटाबेस म्हणजे मोठ्या सलग फाइल्स, तो एकटा १ गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला ११० एमबी देतो, ड्राइव्ह तेवढ्यावर आरामात चालतो, शू-शाइन नाही. त्याला गुंफायची गरजच नव्हती. एकटा लिहिला तर सव्वादोन तास, वाचला तरी सव्वादोन तास. फाइल सर्व्हरच्या आजारावरचं औषध आम्ही धडधाकट ईआरपीलाही पाजलं होतं. त्याला आता स्वतःची वेगळी टेप, दोन प्रती, एक भोसरीत लायब्ररीत कायम आणि एक चाकणला. परचेसवाले म्हणाले २.५ टीबीच्या टेपवर ०.९ टीबी, बाकीची जागा वाया. मी त्यांना डिस्पॅच अडकलेल्या गाड्यांचा हिशोब दाखवला, टेपची मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

फाइल सर्व्हर अवघड होता. त्याच्यासाठी मध्ये डिस्क घेतली, ८ टीबीच्या बारा डिस्क, रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो, त्यासाठी दोन डिस्कची जागा सोडायची), ८० टीबी जागा. रोज रात्री फक्त बदललेल्या फाइल्स डिस्कवर घ्यायच्या आणि आठवड्याला जुना फुल अधिक इन्क्रिमेंटल मिळून नवीन फुल डिस्कवरच तयार करायचा, म्हणजे सर्व्हरकडून ८ टीबी परत परत ओढायला नको. मग डिस्कवरून टेपवर, एकच स्ट्रीम, १६० ने, ८ टीबीला चौदा तास एका ड्राइव्हवर, आणि दुसऱ्या ड्राइव्हवर मेल, व्हर्च्युअल मशीन आणि ईआरपी मिळून तेवढेच. बॅकअपची वेळ तीच राहिली आणि टेपवर काही गुंफलेलं उरलं नाही.

कागदावर असं. पहिल्या आठवड्यात टेप ९० च्या वर जाईना आणि परत तो टक्-घर्र आवाज. कारण शोधायला दोन दिवस गेले. एकीकडे दहा सर्व्हर त्याच डिस्कवर लिहितायत आणि त्याच वेळी आपण तिच्यातून टेपसाठी वाचतोय, डिस्कचे हेड नुसते इकडून तिकडे नाचतायत, सलग वाचन होतच नाही. वेळा अलग केल्या. शनिवारी संध्याकाळी डिस्कवरची सगळी कामं संपवायची, रात्री ९ नंतर डिस्कवर कुणीही लिहायचं नाही, फक्त टेप. तेव्हापासून १६०. डिस्क मध्ये आणली म्हणजे प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांनी हे जरूर बघावं, डिस्कलाही एका वेळी एकच काम द्यावं लागतं.

डिसेंबरमध्ये रिस्टोअरचा सराव केला, घड्याळ लावून, खरोखर वेगळ्या मशीनवर. ईआरपी डिस्कवरून २ तास २० मिनिटं. टेपवरून २ तास ३५, टेप लावणं धरून. लोकांना आश्चर्य वाटलं की फरक फक्त पंधरा मिनिटांचा, पण दोन्हीकडे अडतंय ते १ गिगाबिटच्या नेटवर्कवर, आणि सलग लिहिलेलं सलग वाचायला टेप बिलकुल हळू नसते. मग ईआरपीच्या सर्व्हरला १० गिगाबिटचं कार्ड टाकलं आणि टेपवरून १ तास ५० मिनिटांवर आलो. चारच्या खूप आत.

फाइल सर्व्हरचा सराव मात्र डोळे उघडणारा होता. १ टीबी परत आणायला साडेपाच तास, सेकंदाला ५० एमबी, ड्राइव्ह चांगला असून, गुंफण नसून. लाखो फाइल्स एकेक तयार करायच्या, त्यांच्या परवानग्या लावायच्या, आणि वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल लिहिताना तपासतोय. अँटिव्हायरस रिस्टोअरपुरता बंद ठेवून बघितला तर थोडा फरक पडला, फार नाही. म्हणजे सगळे ८ टीबी आणायचे तर ४४ तास. म्हणून चालू प्रोजेक्टचे १.२ टीबी वेगळ्या जॉबमध्ये काढले, ते पहिल्या टेपच्या सुरुवातीलाच जातात आणि रिस्टोअरलाही आधी तेच, सात तासांच्या आत डिझाइनवाले कामाला लागतात, जुने प्रोजेक्ट मागून येत राहतात. ते ४४ तास कमी करायला व्हॉल्यूमची अख्खी इमेज (एकेक फाइल न घेता सगळ्याची एकगठ्ठा नक्कल) घ्यायचा विचार केला होता, ती जाते-येते सलग आणि झपाट्याने, पण मग कुणी चुकून डिलीट केलेलं एक ड्रॉइंग हवं असेल तर त्यासाठी आधी मोठी इमेज उतरवावी लागते, आणि आमच्याकडे एकेक ड्रॉइंगची मागणी आठवड्यातून दोनदा येते, अख्खा सर्व्हर एकदाही पडला नव्हता. साहेबांना ४४ तासांचा आकडा लेखी दिला, त्यांनी वाचून सही केली.

रिपोर्टमध्ये आता प्रत्येक जॉबपुढे एक जादा रकाना आहे, शेवटच्या सरावात रिस्टोअरला लागलेला वेळ, आणि ईआरपीच्या टेपवर लाल पट्टी चिकटवलेली असते. चाकणच्या कपाटाच्या दोन किल्ल्या झाल्या, एक काकांकडे आणि एक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये.